पंधरा वर्षांच्या गाडीवर लाखाचा खर्च : रत्नागिरीतील एका वॅगन आरचे प्रकरण

नोव्हेंबर २०२५ मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, रत्नागिरीतील एका निवृत्त शिक्षकांच्या हातात दोन आकडे आले. पहिला गॅरेजचा होता : त्यांच्या वॅगन आरच्या दुरुस्तीचा अंदाजे खर्च १,१०,५०० रुपये. दुसरा जुन्या गाड्यांच्या दलालाचा होता : गाडी आहे त्या स्थितीत ८५,००० रुपये. गाडी फेब्रुवारी २०११ मध्ये नोंदवलेली, ९९८ सीसीच्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची, १,१२,००० किलोमीटर चाललेली आणि पहिल्या दिवसापासून एकाच हातातली. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे फेब्रुवारी २०२६ मध्ये संपत होती, त्यामुळे निर्णय पुढच्या दिवाळीवर ढकलण्याची सोय राहिली नव्हती.

पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने फोनवरच निकाल देऊन टाकला : "बाबा, पंचाऐंशी हजारांच्या गाडीवर लाखभर रुपये कोण घालतं? देऊन टाका ती." घराघरांतून हाच निकाल ऐकू येतो, आणि तो व्यवहाराला धरून आहे असे वाटतेही. मोटार विम्याच्या सर्वेक्षणात माझी बरीच वर्षे गेल्यामुळे सरांनी मला विचारले. पुढील मांडणी त्या चौकशीची आणि त्यानंतर झालेल्या निर्णयाची आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील त्यांच्या इच्छेनुसार गाळले आहेत.

मुलाच्या बोलण्यात एक गफलत होती. गाडीची बाजारातली किंमत म्हणजे दुसरा माणूस तिच्यासाठी आपल्याला काय देईल तो आकडा. आपण ती ठेवली तर ती आपल्याला किती काम देईल, आणि तेच काम दुसऱ्या गाडीकडून करून घ्यायला किती पैसे लागतील, याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढावी, हा गॅरेजच्या बाकावर नेहमी ऐकू येणारा ठोकताळाही त्याच कारणाने कामाचा नाही. ८५,००० हा आकडा हिशेबात येतो तो एवढ्यापुरताच, की गाडी ठेवल्यास तेवढे पैसे आज हातात येणार नाहीत. खरी तुलना पुढच्या काही वर्षांत किलोमीटरमागे पडणाऱ्या खर्चाची असते. आणि गाडी ती काही वर्षे टिकेल की नाही, हे कोकणात इंजिनापेक्षा पत्रा ठरवतो.

गाडीकडून अपेक्षित काम

गाडी वर्षाला साधारण ६,००० किलोमीटर चालते. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग बाजार, बँक, नातेवाईक आणि गावाकडच्या फेऱ्यांचा आहे. उरलेला भाग महिन्या-दीड महिन्यातून होणाऱ्या कोल्हापूरच्या फेरीचा : लेक तिथे असते आणि काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, गुडघ्यांचे उपचारही तिथेच चालतात. जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर, वाटेत आंबा घाट. गाडीवर झीज होते ती मुख्यतः याच फेरीत. घाटात ट्रकच्या मागे अर्धा क्लच धरून चढत राहिल्याने क्लच प्लेट जळते, आणि सरांची गाडी चढावर इंजिनाचा आवाज वाढवून वेग मात्र वाढवत नव्हती, म्हणजे क्लच सरकत होता.

अंदाजपत्रकात सात बाबी होत्या. क्लच सेट मजुरीसह ७,५००, पुढचे शॉकअप, लोअर आर्म आणि बुश मिळून १२,०००, चार टायर अलाइनमेंटसह १५,५००, सायलेन्सर ५,५००, एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि गॅस मिळून २४,०००, पत्रा कापून जोडणे आणि खालून कोटिंग १४,०००, पूर्ण गाडीचा रंग ३२,०००. सगळ्या बाबी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या की त्या सारख्याच वजनाच्या वाटू लागतात, आणि एकूण बेरीज पाहून माणूस एकदम हो किंवा एकदम नाही म्हणतो. वास्तविक यातल्या काही बाबी एकदा केल्या की संपणाऱ्या होत्या, एक बाब चुकीच्या निदानावर आधारलेली होती, एक निव्वळ हौसेची होती, आणि पत्र्याची बाब अशी होती की तिचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या एकाही बाबीवर रुपया घालणे योग्य नव्हते.

क्लच, शॉकअप आणि टायर यांवर चर्चा करण्यासारखे फारसे नव्हते. हे भाग झिजण्यासाठीच असतात, बदलले की तो दोष संपतो, आणि वॅगन आरचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. टायरबाबत सरांचे म्हणणे होते की नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे, आणि ते खरेही होते. परंतु टायरच्या बाजूवर ३११८ हा आकडा होता, म्हणजे टायर २०१८ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेले. सात वर्षांत रबर कडक झाले होते आणि रिमजवळ बारीक चिरा पडल्या होत्या. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून नव्हे तर वयाने जातात.

इंजिनाची तपासणी थोडक्यात आटोपली. तिन्ही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा निघाला, दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल वर घालावे लागत नव्हते, कूलंटमध्ये तेलाचा तवंग नव्हता. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा मोठा खर्चही डोक्यावर नव्हता. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भीती सरांना बरीच होती. वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितले होते, आणि तो खर्च किरकोळ असल्याचेही म्हटले होते. इंधनाच्या नळ्या तपासल्या. एक फुगलेली निघाली ती बदलली. ॲव्हरेज सतरावरून सोळावर आले होते, ते तसेच धरून चालायचे ठरले.

पत्रा

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने खारी हवा असते. घाटावरच्या गाडीचे इंजिन थकेपर्यंत पत्रा शाबूत राहतो. किनाऱ्यावर बहुधा उलटे होते. म्हणून मी सरांना एवढेच सुचवले की आधी गाडी उघडून पाहावी, तपासणीचे वेगळे पैसे द्यावेत, आणि तोपर्यंत कोणताही भाग मागवू नये.

पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने, म्हणजे डेंटरने, पुढची डावी सीट काढली, खालचा गालिचा उलटला आणि त्याखालचा फोम बोटाने दाबला. पाणी वर आले. पाऊस थांबून महिना होऊन गेला होता. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअरवर ठोकायला सुरुवात केली : मधल्या उंचवट्याजवळ खणखणीत आवाज, दाराकडे सरकताना बद्द, आणि जिथे काकूंचे पाय टेकतात तिथे त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोक नुसते टेकवले तर ते पलीकडे गेले. तळहाताएवढा तुकडा तपकिरी पापुद्र्यांसकट खाली पडला आणि भोकातून गॅरेजची फरशी दिसू लागली. "सर, ह्याच्यावर मॅट होतं म्हणून बरं," तो म्हणाला, "नायतर वहिनी चालतच आल्या असत्या घाटातनं."

पाणी आत कुठून येत होते हे शोधणे पत्रा जोडण्याइतकेच महत्त्वाचे होते. वायपरखालची जाळी काढली तेव्हा आत आंब्याच्या पानांचा कुजलेला थर आणि लाल माती निघाली. त्या पन्हळीतले पाणी बाजूच्या भोकांतून खाली जायचे असते. भोके बुजली की ते साचते आणि हवेच्या मार्गाने आत उतरते. गाडी बारा महिने अंगणातल्या आंब्याखाली उभी असे. दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोकेही अशीच बुजली होती, आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचे फोड आले होते. मूळ कारण हे एवढे साधे होते. ते न शोधता पत्रा जोडला असता तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा गेला असता, आणि पैसे मात्र खर्ची पडले असते.

एवढे भगदाड पाहून सर गप्प झाले. पण फ्लोअरला भोक पडणे आणि गाडीचा सांगाडा कुजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी स्वतंत्र चॅसी नसते. दुमडून जोडलेले पत्र्याचे पोकळ पट्टेच भार वाहतात. त्यामुळे पाहायचे होते ते पुढचे शॉकअप ज्या बुरुजांना वरून बसतात ते, इंजिनाखालचा आडवा तुळईसारखा भाग, मागची चाके धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे पकडतात त्या जागा, आणि दाराखालचे लांब रनिंग बोर्ड. यांपैकी एखाद्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आत गेला असता तर मी त्याच दिवशी ८५,००० घेण्याचा सल्ला दिला असता. कारण तिथली जोडणी दिसायला पक्की असली तरी भार घेईल याची खात्री कोणताही डेंटर देऊ शकत नाही.

गाडी वर उचलून एकेक जागा ठोकली, तारेच्या ब्रशने घासली. बुरुज, आडवा भाग, ब्रॅकेट आणि बेल्टच्या जागा खणखणीत निघाल्या. उजव्या रनिंग बोर्डच्या मागच्या टोकाला, चाकाच्या कमानीजवळ, वीतभर भाग सडला होता. तो कापून नवा तुकडा बसवता येण्यासारखा होता. मागच्या ब्रॅकेटवर वरवरचा गंज होता, जाडी शिल्लक होती. म्हणजे गाडी टिकण्यासारखी होती, मात्र पहारा ठेवण्याच्या अटीवर.

या तपासणीने सायलेन्सरचा प्रश्नही सोडवला. आवाज थोडा मोठा येतो एवढीच तक्रार असती तर तो वेल्डिंग करून भागवता आला असता. पण फुटलेला सायलेन्सर आणि भोक पडलेला फ्लोअर एकत्र आले की धूर बंद काचांच्या गाडीत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोल्हापूरहून परतताना काकूंचे डोके दुखते, हे वाक्य आतापर्यंत घाटाच्या वळणांच्या खात्यावर जमा होत होते. कारण तेच होते असे मी ठामपणे म्हणणार नाही. नवीन सायलेन्सर मात्र निर्विवाद यादीत गेला.

रंग आणि एसी

पूर्ण रंगाची बाब सरांना मनापासून हवी होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पंधरा वर्षे एकाच घरात असलेली गाडी पुन्हा चकचकीत दिसावी असे कोणाला वाटणार नाही? परंतु ३२,००० रुपयांचा रंग गाडीचे आयुष्य एक पावसाळाही वाढवत नाही. विकताना तो भरून येत नाही. शिवाय गंज धरू पाहणाऱ्या गाडीवर नवा रंग आणि त्याखाली पुट्टी चढली की पुढचा गंज वेळेवर दिसत नाही. जुनी गाडी घेताना जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतात आणि पत्र्यावरून फिरवतात, कारण जिथे पुट्टीचा जाड थर असतो तिथे चुंबक धरत नाही. जोडलेल्या भागांपुरता रंग पत्र्याच्या १४,००० मध्ये धरलेला होताच. बाकीचा रंग यादीतून निघाला.

एसीबाबत मतभेद वेगळा होता. मुलाच्या मते ती चैन, काकूंच्या मते गरज, आणि माझे मत काकूंच्या बाजूने पडले. कोकणातल्या पावसात काचा आतून धुरकटतात आणि त्या पुसायला एसीइतका खात्रीचा उपाय नाही. आंबा घाटात जुलैमध्ये समोरची काच धुरकटणे हा सोयीचा विषय राहत नाही. मात्र २४,००० रुपये कशासाठी, हे विचारणे भाग होते. एसी थंड करत नाही म्हणून कॉम्प्रेसर गेला, असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात मे महिन्यात गॅस भरल्यावर एसी उत्तम चालला होता आणि ऑगस्टपर्यंत हळूहळू निकामी झाला होता. कॉम्प्रेसर गेलेला असता तर गॅस भरूनही तो चालला नसता. हे लक्षण गळतीचे आहे. फक्त एसीचे काम करणाऱ्या दुसऱ्या कारागिराने नायट्रोजनचा दाब भरून साबणाचे पाणी लावले, तेव्हा कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे आले. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि खारी हवा, चिखल सगळे आधी त्याच्यावरच आदळते. नवा कंडेन्सर, गॅस आणि मजुरी मिळून ६,८०० रुपये सांगितले गेले. पहिल्या गॅरेजचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. मोठा भाग बदलला की तक्रार परत येत नाही, या सवयीतून असे अंदाज निघतात. पण मोठ्या रकमेच्या बाबीवर दुसरे मत घेण्याचा फायदा इथे १७,२०० रुपयांचा होता.

किलोमीटरमागे खर्च

रंग वगळून आणि एसीचा खर्च दुरुस्त करून यादी ६१,३०० रुपयांवर आली. आता तुलना करता येत होती. मुदत तीन वर्षांची, म्हणजे १८,००० किलोमीटरची धरली. पैसे मुदत ठेवीतून जाणार असल्यामुळे बुडणारे व्याज ७ टक्के धरले. शेवटी गाडीची किती किंमत उरेल हे आकडे अनुभवाच्या अंदाजाचे आहेत, आणि ते मुद्दाम जुन्या गाडीच्या बाजूने झुकू दिलेले नाहीत.

जुनी गाडी ठेवल्यास : दुरुस्ती ६१,३००, नोंदणी नूतनीकरण आणि त्यासंबंधी सगळे मिळून ११,०००, नेहमीची देखभाल वर्षाला १२,००० प्रमाणे ३६,०००, विमा ९,०००, अनपेक्षित बिघाडासाठी राखून ठेवलेले ३०,०००, गाडीची किंमत ८५,००० वरून ४०,००० वर घसरेल ते ४५,०००, आणि दुरुस्ती व नूतनीकरणाच्या पैशांवरचे व्याज सुमारे १५,२००. एकूण २,०७,५००, म्हणजे पेट्रोल सोडून किलोमीटरला साडेअकरा रुपये.

नवी वॅगन आर घेतल्यास : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सेससह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे किमती उतरल्या होत्या, आणि मुलाचा आग्रह त्यामुळेच वाढला होता. तरी सर्व करांसह रस्त्यावर येईपर्यंत ६,४०,००० होत होते. तीन वर्षांत तिची किंमत साधारण सव्वादोन लाखांनी घसरणार, जुनीचे ८५,००० वजा करून उरलेल्या ५,५५,००० वर व्याज बुडणार १,१६,०००, वर पुढील वर्षांचा विमा आणि सर्व्हिस. किलोमीटरला वीस रुपयांच्या वर. नवी गाडी पेट्रोल कमी पिईल, त्याचा सव्वा रुपया वजा केला तरी एकोणीस.

पाच-सहा वर्षांची दुसरी गाडी पावणेचार लाखांत घेतल्यास किलोमीटरला पावणेपंधरा, पेट्रोलची बचत धरता चौदा. या पर्यायात एक धोका असतो जो आकड्यात दिसत नाही : सरांना स्वतःच्या गाडीचा प्रत्येक दोष आता माहीत होता, अनोळखी गाडीचा एकही माहीत नसता.

इथे दोन गोष्टी लक्षात आल्या, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा त्यांतच आहे. मूळ अंदाजपत्रकाप्रमाणे १,१०,५०० खर्च केले असते तर हिशेब किलोमीटरला पावणेपंधरा रुपयांवर गेला असता, म्हणजे पाच-सहा वर्षांची गाडी घेण्याइतका किंवा किंचित जास्तच. दुरुस्ती परवडते की नाही याचे उत्तर गाडी पाहून मिळत नव्हते, यादीतल्या बाबी पाहून मिळत होते. दुसरी गोष्ट मुदतीची. हीच ६१,३०० ची दुरुस्ती करून एका वर्षात गाडी काढावी लागली तर खर्च साडेचोवीस रुपयांवर जातो, जो नव्या गाडीपेक्षाही महाग आहे; दोन वर्षे टिकली तर पंधराच्या आत; तीन वर्षे टिकली तरच साडेअकरा. म्हणून पत्रा आधी. क्लच आणि एसी कितीही उत्तम झाले असते तरी मागचा ब्रॅकेट दीड वर्षात गेला असता तर सगळा हिशेब कोसळला असता.

पासिंग आणि विमा

दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी असल्याच्या बातम्यांमुळे आपल्याकडेही तसेच होईल, असे सरांना कोणीतरी सांगितले होते. ते निर्बंध राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेले असून दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहेत. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. नमुना २५ चा अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा असतो. चारचाकीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे, आणि उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरपाटी धरून आम्ही ११,००० मांडले होते. तपासणीत पत्र्यावर कोरलेला चॅसी नंबर वाचता येणे आवश्यक असते, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांची अडचण अनेकदा तिथे होते. डेंटरला काम देताना तो भाग जपायला आधीच सांगितले होते.

गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढण्याचा पर्यायही पाहिला. गाडी मोडीत दिल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळाले की नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि राज्याच्या करात सवलत मिळते. पण चालती गाडी ८५,००० ला जात असताना भंगाराच्या भावात देण्यात अर्थ नव्हता, आणि नवी गाडी घ्यायची नसेल तर त्या सवलतीचा उपयोगही नव्हता.

विम्याच्या बाबतीत मी सर्वसमावेशक पॉलिसी सोडून फक्त थर्ड पार्टी (आपल्या गाडीने इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा) आणि चालक-मालकाचा वैयक्तिक अपघात विमा घ्यायला सांगितले. पाच वर्षांवरील गाडीची विमा किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. इथे ती नव्वद हजारांच्या आसपास देऊ केली होती. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर दावा देताना ५० टक्के घसारा कापला जातो, रबर-प्लॅस्टिकवरही ५० टक्के. म्हणजे बंपर आणि दिवा गेला तर निम्मे पैसे खिशातलेच, आणि दुरुस्ती विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी पूर्ण नुकसान म्हणून निकालात निघते. ९९८ सीसी असल्यामुळे थर्ड पार्टीचा दर १,००० सीसीच्या आतल्या गटाचा, कर वगळून २,०९४ रुपये, लागतो. दोन सीसीचा हा फायदा सरांना फार आवडला.

हिशेबात न बसणारे

एका मुद्द्यावर मुलाचे म्हणणे बिनतोड होते. या गाडीला एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएसही नाही. आजच्या वॅगन आरला सहा एअरबॅग मिळतात. किलोमीटरमागे सात-साडेसात रुपये वाचवण्यासाठी सत्तरीतल्या दोन माणसांनी हा फरक सोसावा का, याचे उत्तर बेरीज-वजाबाकीत नाही, आणि मी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगात धोका मर्यादित आहे. महामार्ग आणि घाट हा खरा प्रश्न होता. त्यावर मधला मार्ग निघाला : कोल्हापूरची जी फेरी अंधारात किंवा मुसळधार पावसात पडणार असेल ती भाड्याच्या गाडीने, चालकासह करायची. वर्षात अशा दोन-तीन फेऱ्या होतील आणि प्रत्येकीला पाच-साडेपाच हजार लागतील. हा खर्च धरला तर जुन्या गाडीचा आकडा किलोमीटरला चौदाच्या जवळ सरकतो, म्हणजे दुसरी जुनी गाडी घेण्याइतकाच होतो, हे मी लपवले नाही. तरी ठेवीतले तीन लाख मोडावे लागत नव्हते, आणि काकूंच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया समोर दिसत असताना सरांना हातातली रोकड अधिक मोलाची वाटली. मला तो विचार रास्त वाटला.

निर्णय आणि त्याच्या अटी

काम डिसेंबरात झाले. क्रम असा ठेवला की आधी पन्हळ आणि निचऱ्याची भोके साफ, मग पत्रा, मग सायलेन्सर, आणि पत्रा पाहून झाल्यावरच क्लच व शॉकअपचे भाग मागवायचे. रनिंग बोर्ड कापल्यावर आतली पट्टीही बदलावी लागली, त्यामुळे पत्र्याचे बिल १४,००० ऐवजी १७,५०० झाले, एकूण ६४,८००. तीन वर्षांवर पसरवल्यास त्याने किलोमीटरला वीस पैसे वाढतात. पोकळ भागांत नळीने मेणासारखे गंजरोधक फवारले, आणि गाडी आंब्याखालून काढून पडवीच्या पत्र्याखाली आणली. जानेवारी २०२६ मध्ये पासिंग झाले. नोंदणी आता फेब्रुवारी २०३१ पर्यंत आहे. त्या वेळी गाडी वीस वर्षांची असेल, आणि वीस वर्षांवरील चारचाकीचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासूनच १०,००० रुपये झालेले आहे. तिथवर जाण्याचा कोणाचाही विचार नाही.

अटी सरांनी अंदाजपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात लिहून काढल्या आणि त्याचा फोटो मुलाला पाठवला. दर वर्षी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, गालिचा उलटून आणि गाडी वर उचलून त्याच जागा ठोकून पाहायच्या. राखून ठेवलेले ३०,००० तीन वर्षांच्या आत संपले, तर त्यानंतरचा पहिला मोठा खर्च करायचा नाही, गाडी विकायची. मागच्या ब्रॅकेटमध्ये किंवा पुढच्या बुरुजात गंज आत गेलेला दिसला, तर इतर सर्व ठीक असले तरी तिथेच थांबायचे, आणि घेणाऱ्याला तो दोष सांगून द्यायची. मुलाने त्यात रात्रीच्या घाटाची अट घालायला लावली. काकूंनी आणखी एक ओळ वाढवली आहे : या तीन वर्षांत रंगाचा विषय घरात कोणी काढायचा नाही.